जावयाचं पाणी

मला आजवर आलेला एकही ताप साधा नव्हता. चारचौघांना येतो तसला शंभर-एकशेएक मी तापात धरतच नाही, तेवढी ऊब माझ्या अंगात एरवीही असते. पण पुंडलिकनगरात सासुरवाडीला जो आला, तो ताप म्हणजे ताप होता. कपाळावरची ओली पट्टी चर्र आवाज करून वाळायची. सासूबाईंनी मनात आणलं असतं तर माझ्या पोटावर दिवसाकाठी शेकडा पापड भाजून निघाले असते. जावयाच्या पोटावर पापड भाजणं बरं दिसत नाही, एवढ्यासाठीच ते राहिलं.

गेलो होतो धोंड्याला. अधिक महिना तीन वर्षांनी उगवतो आणि त्या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, हे मी मराठी माणसाला सांगायला नको. बिडकीनला माझं मोटार-पंपाचं दुकान. पावसाळ्यात शेतकरी मोटारीकडे ढुंकून बघत नाही, तेव्हा शटर ओढलं आणि बायकोला घेऊन जीपनं निघालो. जेवून दुसऱ्या दिवशी परतायचं ठरलं होतं. पण माझा मेहुणा पुण्याला कंपनीत, त्याला सुट्टी मिळेना, आणि भाऊ आल्याशिवाय धोंडा करायचा नाही असा सासूबाईंचा हट्ट. आज येतो, उद्या येतो करत आमचा मुक्काम लांबत गेला.

त्यांच्या हट्टाला मी फार विरोध केला नाही, कारण बायकोला सहावा महिना होता. त्याआधी एकदा आमचं होता होता राहिलं होतं. त्याबद्दल दोन्ही घरांत कुणी अवाक्षर काढत नसे, पण ती नुसती शिंकली तरी सगळे हातातलं काम टाकून तिच्याकडे बघत. मीसुद्धा. मी जगातल्या प्रत्येक गोष्टीवर दोन तास बोलू शकतो, त्या एका गोष्टीवर मला दोन शब्द सुचत नसत.

आता पाण्याचं सांगतो, कारण सगळं रामायण पाण्यात आहे. सासुरवाडीच्या शहरात पाणी नळानं येत नाही, कृपेनं येतं. एकदा येऊन गेलं की पुन्हा कधी येईल ते पुढारीही सांगत नाहीत आणि ज्योतिषीही. म्हणून नळ आला की घरातलं पोकळ असेल ते सगळं भरून घ्यायचं. हौद, टाकी, हंडे, कळशा, कुकर, दुधाची किटली. सासूबाईंच्या घरी नळाच्या दिवशी मी तोंड उघडं ठेवून झोपायला भीत असे.

या सगळ्या भांड्यांहून मानाचा एक मोठा निळा ड्रम होता. मागच्या ओट्यावर, बरोबर माझ्या खोलीच्या खिडकीखाली. त्याचं झाकण केव्हाच फुटलेलं, म्हणून वर पितळी परात पालथी घातलेली आणि परातीला हळदीकुंकवाची बोटं ओढलेली. ते जावयाचं पाणी. धोंड्याच्या दिवशी जावयाला तेल-उटणं लावून न्हाऊ घालायचं, नवे कपडे द्यायचे आणि मगच पाटावर बसवायचं, अशी त्या घरची रीत. ऐन दिवशी नळानं दगा दिला तर अब्रू जायची, म्हणून सासूबाईंनी आम्ही यायच्या आधीच तो काठोकाठ भरून ठेवलेला. घरात बाकीचं पाणी आटून खरकटी भांडी सुकली तरी त्या ड्रमातला तांब्याभर कुणी घेऊ शकत नव्हतं. सासऱ्यांनी एकदा दाढीला वाटीभर घेतलं तर त्यांना दोन दिवस बिनसाखरेचा चहा मिळाला.

आणि अशात मला ताप आला.

आला तो एकदम हत्तीसारखा. डोळ्यांच्या मागं कुणीतरी सांडशी लावून ओढत होतं. हाडं अशी दुखायला लागली की मला माझी एकूण हाडं किती ते पहिल्यांदा कळलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला, तो पदरात गुंडाळून मागं घेतला आणि हुकूम सोडला, "पोरीला इकडं येऊ देऊ नका. तापाचं वारं असतं. दोन जिवांच्या बाईला लगेच बाधतं."

झालं. मला मागच्या खोलीत घातलं. अंगावर तीन गोधड्या, त्यावर सासऱ्यांच्या नोकरीच्या काळातला रग, आणि रगावर, मी हलू नये म्हणून की काय, इस्त्री केलेल्या कपड्यांचा गठ्ठा. खिडकी बंद. पंखा बंद. घाम आला की ताप घामाबरोबर बाहेर पडतो अशी सासूबाईंची खात्री. घाम इतका आला की तो नळाला जोडला असता तर गल्लीला दोन दिवस पुरला असता. ताप मात्र जागचा हलला नाही. सासरे तालुका कचेरीतून निवृत्त झालेले, त्यांचा स्वतःचा दवाखाना म्हणजे बिस्किटाचा एक डबा. त्यातून त्यांनी मला कंबरदुखीच्या उरलेल्या गोळ्या काढून दिल्या. "दुखणं ते दुखणं," म्हणाले. "कंबरेचं काय अन् डोक्याचं काय."

दुसऱ्या दिवशी मी गुपचूप चपला घालून बिडकीनला पळायच्या बेतात होतो. सासूबाईंनी दारातच धरलं.

"कुठं निघालात, जावईबापू?"

"जरा दुकान बघून येतो, मामी."

"धोंडा खाल्ल्याबिगर? तीन वर्षांनी आलाय म्हयना. लोक काय म्हणतील, जावयाला आजारी पाडून हाकलून दिलं?"

"मग आजच वाढा."

"तापात पुरण? अन् न्हाल्याबिगर पाटावर बसवू व्हय तुम्हाला?"

"मग न्हाऊ घाला."

"तापात डोक्यावरून पाणी? नाय नाय."

बघा आता. ताप उतरल्याशिवाय न्हाणं नाही, न्हाण्याशिवाय धोंडा नाही, धोंड्याशिवाय सुटका नाही. अट्टल दरोडेखोरालाही एवढ्या दारांच्या आत ठेवत नाहीत. वर त्या दिवसापासून खोलीला बाहेरून कडी लागली. आत मी, माझा ताप आणि भिंतीवर सासरेबुवांचा निरोपसमारंभाचा फोटो, हार घातलेला. तापाच्या भरात तो हार मला माझाच वाटायचा.

शेवटी सासरे मला रिक्षात घालून क्रांती चौकाजवळच्या त्यांच्या जुन्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर पन्नाशीचे, मराठी बोलता बोलता कधी दखनीत शिरतील याचा नेम नाही.

"डॉक्टरसाहेब, थर्मामीटर लावू नका," मी म्हटलं. "फुटेल."

त्यांनी लावला, पाहिला. "एकशे तीन."

"फक्त?" माझा अपमान झाला होता.

त्यांनी माझ्या अंगावरची शाल काढून सासऱ्यांच्या हातात दिली. "काका, जवाई को दम देऊन बिर्याणी करायची आहे का? ताप ही बीमारी नाय. ताप म्हणजे चौकीदाराची शिट्टी. अंगात चोर घुसला की अंग स्वतःच गरमी वाढवतं, शिट्टी मारतं. नुसती शिट्टी बंद केली म्हणून चोर जात नाय. चोर कोण ते शोधावं लागतं. तोवर हवा लागू द्या, साध्या पाण्यानं अंग पुसा, अन् पाणी पाजा, लई पाणी."

"एक सलाईन लावून टाका की," सासरे म्हणाले. "जावई हाय."

"यांचं तोंड चालू आहे ना?"

"तोंड तर लईच चालू हाय."

"मग तोंडानंच पाजा."

कंबरेच्या गोळ्यांचं पाकीट दाखवलं तेव्हा मात्र डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी ते सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकलं. म्हणाले, डेंग्यू निघाला तर असल्या गोळीनं अंगात रक्तस्राव होऊ शकतो, तापाची साधी पॅरासिटॅमॉल सोडून काहीही द्यायचं नाही. रक्त घेतलं, उद्या दुपारी फोन करतो म्हणाले.

घरी आल्यावर गोधड्या गेल्या, पण कडी राहिली. डॉक्टरांनी खिडकी उघडायला सांगितली होती म्हणून ती बोटभर उघडली गेली. त्या बोटभर फटीतून मला माझा सगळा संसार दिसायचा. ओट्यावर त्या घरातली सगळ्यात गार जागा ड्रमच्या पाशी, म्हणून बायको दिवसभर तिथंच बसलेली. ड्रमाला पाठ टेकून, पाय लांब करून, बाळाचं दुपटं शिवत. बाजूला सासूबाई तांदूळ निवडत. मधूनच बायको पायाला चापट मारायची, घोटा खाजवायची आणि पुन्हा सुई हातात घ्यायची. मला वाटायचं, बरं झालं बुवा, ती तापाच्या वाऱ्यापासून लांब आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांचा फोन माझ्या मोबाईलवर आला.

"जवाई, डेंग्यूच आहे. घाबरू नका, पाणी पीत राहा, रोज रक्त बघू. घरात पाणी भरून ठेवलंय?"

"या गावात कोण ठेवत नाही?"

"ते बघा आधी. हा मच्छर गटारात होत नाय. साफ पाण्यात होतो, जास्त दिवस हलवलं नाय त्या पाण्यात. अन् रात्री नाय, दिवसा चावतो. पाय धरतो. तुमच्या हाताला हात लावून कुणाला काही होणार नाय, पण तो तुम्हाला चावला अन् मग दुसऱ्याला चावला तर होईल. म्हणून दिवसासुद्धा मच्छरदाणीत राहा." मग जरा थांबून म्हणाले, "घरात कुणी गरोदर आहे का?"

मी आयुष्यात पहिल्यांदा एका शब्दात उत्तर दिलं.

"मग त्यांना खास जपा," डॉक्टर म्हणाले. "या ताप में माँ और बच्चा दोघांना धोका असतो." तेवढ्यात त्यांच्याकडे कुणीतरी पेशंट आणला आणि फोन बंद झाला.

मी फटीतून पाहिलं. बायकोनं घोट्यावर चापट मारली.

हत्तीएवढा ताप विसरून मी दारावर धडका मारल्या. सासरे आले, पण कडी काढली नाही, बाहेरूनच बोलले. मी त्यांना सगळं सांगितलं. ड्रम, डास, दिवसा, पाय, सगळं. इथं एक गोष्ट सांगायला हवी. लग्न ठरवायच्या बैठकीत मी सासऱ्यांना सांगितलं होतं की आमच्या बैलाला पैठणच्या एसटीचं वेळापत्रक पाठ आहे, गाडीला उशीर झाला तर तो स्टँडवर जाऊन चौकशी करतो. तेव्हापासून मी काहीही बोललो की सासरे बैलाची खुशाली विचारत.

"स्वच्छ पाण्यात डास?" दाराबाहेरून आवाज आला. "हे डॉक्टर म्हणाले का बैल?"

"मामा, देवाशपथ डॉक्टर म्हणाले. फोन लावून बघा."

त्यांनी लावला. डॉक्टर त्या नव्या पेशंटपाशी अडकलेले, कुणी उचलेना. "संध्याकाळी विचारू," म्हणाले. "अन् डास त्या शेजारच्या नालीतून येत्यात. मी कालच पावडर टाकलीय. पडून ऱ्हावा."

मग मी खिडकी ढकलून सताड उघडली आणि गजांना तोंड लावलं. "अगं, ऊठ तिथून. आत जा. त्या ड्रममध्ये डास आहेत."

बायकोनं मान वर केली. "कुठं हायेत? गुणगुण तरी ऐकू येतीय का?"

"हे गुणगुणत नाहीत."

"अहो, पडा ना गप. तापात डोक्यात काहीबाही येतंय तुमच्या."

"मी खरं सांगतोय."

"लग्नाआधी दुमजली घर हाय म्हणला होता," ती सुईत दोरा ओवत म्हणाली. "वरचा मजला म्हणजे टाकी निघाली."

सासूबाईंना म्हटलं, "मामी, तो ड्रम ओतून द्या." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देव्हाराच ओतायला सांगितला होता. "नळाला अजून चार रोज हायेत. अन् ते तुमचं पाणी हाय, जावईबापू. मी हात लावू दिला नाय कुणाला."

मी गजांना धरून उभा राहिलो. मी खूप ठिकाणी अडकलोय. एकदा लिफ्टमध्ये, एकदा विहिरीत मोटार बसवताना, एकदा पुढाऱ्याच्या भाषणात. पण समोर हाताच्या अंतरावर आपलं माणूस बसलंय, त्याच्या पाठीमागं काय आहे ते आपल्याला माहीत आहे, आणि आपलं तोंड हे एकच हत्यार गंजून गेलंय, असं अडकणं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. घरभर मी इतक्या थापा वाटून ठेवल्या होत्या की खऱ्या बोलण्याला बसायला पाट शिल्लक नव्हता.

बायकोनं पुन्हा घोटा खाजवला.

मी आवाज खाली आणला. "मामी. ड्रमात पाल पडली."

निवडणारे हात थांबले. "काय?"

"पाल. आत्ता. परातीच्या फटीतून. मी इथून पाहिली."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला, लेकीचा दंड धरून तिला उठवून आत पाठवलं आणि परात काढून दोन्ही हातांनी ड्रम कलंडला.

ओट्यावरून पाणी असं सुटलं की धरणाचे दरवाजे उघडल्याचा भास झाला. सासरे धोतर सावरत धावत आले. "अगं, चार दिवस नळ नाय."

"पालीच्या पाण्यानं जावयाला न्हाऊ घालू व्हय?"

पाल म्हटल्यावर कुणी बैलाचं नावसुद्धा काढलं नाही. अंगणातल्या पपईच्या मुळाशी सगळं पाणी जिरलं. सासऱ्यांनी उरलेल्या तळातल्या पाण्यात मोबाईलची बॅटरी मारून पाल शोधायला सुरुवात केली. पाल नव्हतीच, ती कुठून असणार. पण ते वाकलेले तसेच वाकून राहिले.

"इकडं ये," ते सासूबाईंना म्हणाले. "हे काय वळवळायलंय?"

दोघं ड्रमात डोकं घालून बघत होती. तळाशी स्वल्पविरामाएवढे काळे जीव वरखाली करत होते. हजारो. मी लाखो म्हणणार होतो, पण त्या दिवशी हजारोच पुरे होते. सासूबाई ड्रमाशेजारी ओल्या ओट्यावर खाली बसल्या. जिथं मघाशी लेक बसली होती, तिथंच. मग उठून विटेचा तुकडा घेतला आणि ड्रम आतून असा घासला की निळा रंग निघाला. डॉक्टरांनी संध्याकाळी तेच सांगितलं: नुसतं ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून असतात, दर आठवड्याला घासून कोरडं करा आणि तोंडाला कापड बांधा.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. ताप उतरला की उड्या मारू नका, या तापात खरा धोका उतरतानाच असतो. पोटात जोरात दुखलं, उलट्या लागल्या, हिरड्यांतून रक्त आलं तर तसेच दवाखान्यात या. म्हणजे मी ताप असतानाही कैदी आणि ताप गेल्यावरही. स्वतःहून दिवसा मच्छरदाणी मागणारा मी मराठवाड्यातला पहिला जावई असेन. शेजारच्या खोलीत बायको दुसऱ्या मच्छरदाणीत. मधलं दार उघडं. कडी सासूबाईंनी स्वतः काढली होती.

माझा ताप उतरला. रक्तातल्या पेशी आधी घसरल्या, मग सावरल्या. मी मोकळा झालो, चपला दारातच होत्या, जिपा बिडकीनला भरून जात होत्या. मी गेलो नाही. डॉक्टर म्हणाले होते, बाईंना डास चावला असेल तर आठ-दहा दिवसांत कळेल, कळेपर्यंत नुसतं बघायचं. दुसरा उपाय नाही. तर मी बघत बसलो. उठता बसता तिच्या कपाळाला हात लावायचा हे माझं काम.

"झिजवाल कपाळ," ती म्हणायची. "मग तुम्हालाच वाईट दिसंल."

मी तिला गोष्टी सांगायचा प्रयत्न केला, पण बैल अर्ध्या रस्त्यात थांबायचा. एका दुपारी तिचं कपाळ कढत लागलं. सासूबाईंच्या हातातली परात खाली पडली. थर्मामीटर तिच्या जिभेखाली असताना त्या घरात जी शांतता होती, ती मला वाढवून सांगता येत नाही, आणि हे मी पहिल्यांदाच म्हणतोय. सासऱ्यांनी तो उजेडाकडे धरला, चष्मा पुसला, पुन्हा धरला. ताप नव्हता. मी नुकताच माठातलं पाणी पिऊन आलो होतो, माझाच हात बर्फ झाला होता. त्या दिवसापासून मला कपाळाला हात लावायची बंदी झाली.

बाकीचे दिवसही तसेच कोरडे गेले. तिला काही झालं नाही. तेवढ्यात अधिक महिना संपला आणि तो संपल्याच्या दुसऱ्या दिवशी मेहुण्याला सुट्टी मिळाली. धोंडा राहिला तो राहिलाच.

तो झाला पुढच्या अधिकात. तेव्हा आमची मुलगी अडीच वर्षांची होती आणि पाटावर बसलेल्या बापाच्या डोक्यावर तेल थापण्यात आजीला मदत करत होती. पाणी त्याच सकाळी नळातून भरलेलं, एक बादली. ड्रम अंगणात पालथा, वाळत. सासरे बाजूला खुर्चीत बसून नातीला सांगत होते की तिच्या वडलांच्या बैलाला एसटीचं वेळापत्रक पाठ होतं.

मी म्हटलं, "मामी, एक बादली म्हणजे जावयाचा अपमान झाला. मागच्या वेळी ती पाल आडवी आली नसती तर अख्ख्या ड्रमानं न्हालो असतो."

सासूबाईंनी तांब्या भरला. "पाल पडली नव्हती, जावईबापू. मी परातीकडं तोंड करून बसले व्हते."

मी डोळ्यात उटणं गेल्यासारखं केलं. "मग ओतलंत का?"

"तुमच्या थापा बैलाएवढ्या असत्यात," त्या म्हणाल्या. "ही एवढीशी व्हती. मला भ्याव वाटलं."

आणि तो तांब्या त्यांनी माझ्या डोक्यावर ओतला.